पोतदार, पोद्दार आणि फोतेदार



मागे प्रवेशाच्या वेळी आमच्या कार्यालयात एका मुलीचे आडनाव 'पोतदार' ऐवजी 'पोद्दार' लिहिले गेले. आजोबा आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, आम्ही मारवाडी नाही हो." नोंद लगेच दुरुस्त केली. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झालेले, त्यामुळे ही चूक आमच्याही नजरेतून सुटली होती. मग आम्ही शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले.

मौज अशी की ही दोन्ही आडनावे सख्खी भावंडे आहेत. दोघांचे मूळ फारसी 'फोतादार'. फोता म्हणजे पैशाची थैली, सरकारी वसूल. तो सांभाळणारा फोतादार. मराठीत त्याचा पोतदार झाला, मारवाडी व्यापाऱ्यांत पोद्दार, आणि काश्मिरी पंडितांत फोतेदार. खजिन्याचा हिशोब लिहिणारा तो पोतनीस.

पेशवाईत आणि होळकरशाहीत एकाच बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये चालत. आपल्या इंदूरच्या नाण्यांवर 'मल्हारनगर' असे टांकसाळीचे नाव असे. कोणत्या रुपयात चांदी किती, कोणता झिजलेला, कोणावर किती बट्टा कापायचा, हे पोतदार ठरवी. वसुलाचे नाणे तो पारखून घेई. खोटे नाणे खजिन्यात गेले तर बोल त्याच्यावर! गावोगावी हे काम बहुधा सोनाराकडे असे, तरी आडनाव एकाच जातीचे नाही. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (१८९०–१९७९) हे ब्राह्मण होते.

अशी आडनावे सर्वत्र आहेत. ऋग्वेद छापून प्रसिद्ध करणारे जर्मन पंडित मॅक्स म्युलर (१८२३–१९००) यांनी कधी पीठ दळले नसेल, पण म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. काम जाते, नाव राहते. आपल्या पोलोग्राउंडचेच पहा ना! तिथे आता कारखाने आणि वीज कंपनीचे कार्यालय आहे. आणि 'पोलो' हा शब्द तरी इंग्रजी कुठे? तो बाल्टिस्तानातल्या 'पुलु'वरून, म्हणजे चेंडूवरून आला.

मूळ एक असले तरी आजोबांचे म्हणणे बरोबरच होते. पोतदार ते पोतदारच. म्हणून पालकांना विनंती, नववीच्या नामांकनापूर्वी पाल्याचे आडनाव जन्मदाखल्याप्रमाणे देवनागरीत व इंग्रजीत नीट आहे ना, हे कार्यालयात येऊन पाहावे. अंकसूची छापून आल्यावर दुरुस्तीसाठी फार हेलपाटे पडतात.