पावतीपुस्तकवाले प्रोफेसर

दोस्तांनो, गणपतीची वर्गणी मागायला तुम्ही कधी गेलाय? गेला असाल, तर पुढचं सांगायलाच नको. बेल कुणी वाजवायची यावरून जिन्यातच ढकलाढकली होते. दार उघडलं की सगळ्यांची दातखीळ बसते. "बाबा घरात नाहीत, उद्या या," असं ऐकलं की मनातून सुटल्यासारखंच वाटतं. आणि एखादे आजोबा चष्मा पुसत विचारतात, "काय रे, मागच्या वर्षीचा हिशेब कुठाय?" मग काय, पळता भुई थोडी!

आता अशी कल्पना करा, की ही वर्गणी मंडपासाठी नाही, एका अख्ख्या विद्यापीठासाठी मागायची आहे. तीही दहा दिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

काय, गंमत वाटते? पण जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत हे काम करणारी माणसं असतात. अमेरिकेत तर त्यासाठी थेट उपाध्यक्षाच्या दर्जाचा अधिकारी नेमतात आणि त्याच्या हाताखाली मोठं खातं असतं. आपल्याकडेही पवईच्या आय.आय.टी.त माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवण्यासाठी वेगळे अधिष्ठाते आहेत. २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी या आपल्या जुन्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. अशी देणगी एका सकाळी आकाशातून पडत नाही बरं का! शिकून गेलेला मुलगा कुठे आहे, त्याला संस्थेबद्दल काय वाटतं, त्याला काय आवडेल, याची वर्षानुवर्षं कुणीतरी काळजी घेतलेली असते. शिवाय दिलेला पैसा कुठे गेला, हे त्याला वेळच्या वेळी कळवायचं असतं. म्हणजे तेच, आजोबांचं "हिशेब कुठाय?"

फी असते की, मग देणग्या कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण शिक्षकांचे पगार, पुस्तकं, प्रयोगशाळा, वसतिगृह हा सगळा खर्च फीमधून काढायचा ठरवला, तर गरिबाच्या मुलाला दारातूनच परत जावं लागेल. आणि मुलींसाठीचं विद्यापीठ काढायचं, तेही मुलींना शिकवणंच लोकांना पसंत नव्हतं अशा काळात, तर फी देणार कोण?

असं विद्यापीठ आपल्या महाराष्ट्रात निघालं. त्यासाठी पैसे गोळा करायला ना खातं होतं, ना अधिकारी. होते फक्त गणिताचे एक प्रोफेसर. धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा स्वभाव या कामाच्या अगदी उलट, भिडस्त आणि लाजाळू. सभा गाजवावी असं वक्तृत्वही नाही. पण एक गोष्ट त्यांना लहानपणीच कळली होती, ती म्हणजे 'नाही' ऐकून परत कसं फिरायचं. दापोलीजवळच्या मुरूड गावातून हा मुलगा परीक्षेला बसायला चालत, घाट चढून साताऱ्याला गेला. तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि, "तू फार लहान दिसतोस," म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परत! पुढे वर्गणीच्या वाटेवर हा अनुभव त्यांच्या कामी आला असणार, असं मला आपलं वाटतं.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १८९१ पासून ते गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. त्या काळी हे केवढं मोठं पाप समजत! मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी विधवा मुलींना शिकवण्यासाठी आश्रम सुरू केला, तो स्वतःजवळची शिल्लक घालून. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावावर करून टाकली. आता गोदूबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, या माउलीनं घर कसं चालवायचं? तिला काय वाटलं असेल? मोठ्या माणसांच्या गोष्टी वाचताना हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पुण्यात प्लेग आला, तेव्हा आश्रम गावाबाहेर न्यायचं ठरलं. गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. आज पुण्यात कर्वे रस्त्यावरून बसनं कर्वेनगरला जाता ना, तेच हे हिंगणे. तेव्हा रस्ता कसला, पावसाळ्यात नुसता चिखल. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी तो चिखल तुडवत आश्रमात जायचे. कॉलेजला सुट्टी लागली, की निघाले गावोगाव वर्गणीला.

पण आश्रमासाठी पैसे मागताना एक मोठा पेच होता. स्वतः अण्णांनी विधवेशी लग्न केलेलं. आश्रमातही मुलींची लग्नं लावून देतात, असं लोकांना वाटलं असतं, तर जुन्या मताच्या माणसानं दमडीही दिली नसती आणि मुलीला पाठवलंही नसतं. म्हणून अण्णांनी ठरवलं, की आश्रम फक्त शिक्षण देईल. पुनर्विवाहाची चळवळ हे वेगळं काम, त्याचा आश्रमाशी संबंध नाही. झालं! आता सुधारक मंडळी चिडली. "कर्वे लोकांना घाबरले," म्हणू लागली. सनातनी तर आधीच रागावलेले होते. दोन्हीकडून बोलणी! कुणी म्हणेल ही माघार, कुणी म्हणेल हा शहाणपणा. मला विचाराल, तर थोडं दोन्ही. पण त्या निर्णयामुळे मुलींच्या हातात पुस्तक आलं, हेही खरं.

या कामात अण्णा एकटे नव्हते. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्या वयातसुद्धा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागायला निघाल्या. गावात जायचं, लोकांपुढे उभं राहून बोलायचं आणि मग पदर पसरायचा. ज्या काळात बाईनं चारचौघांत बोलणंच नवल, त्या काळात हं! पुढे त्यांना वाटलं, इंग्रजी आलं पाहिजे. म्हणून १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या बोटीनं थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरलं, पण इंग्रजी शिकल्याच. त्यांनी आपली हकीकत 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. वाचनालयात मिळाली, तर सोडू नका.

तर आता विद्यापीठाकडे येऊ. जपानमध्ये टोकिओला स्त्रियांचं विद्यापीठ आहे, त्याची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी असंच विद्यापीठ आपल्याकडे काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते काढलंसुद्धा! पहिल्या वर्गात मुली किती? पाच.

गंमत पाहा, त्याच वर्षी तिकडे काशीत पंडित मदनमोहन मालवीय हिंदू विद्यापीठ उभारत होते. त्यांनी एक कोटीचं उद्दिष्ट ठेवलेलं. राजेमहाराजांच्या देणग्या, ४ फेब्रुवारीला पायाभरणी, तीही व्हाइसरॉयच्या हातून. दोन दिवसांनी त्याच समारंभात गांधीजी बोलायला उभे राहिले आणि समोर बसलेल्या राजांच्या अंगावरच्या दागिन्यांवरच घसरले! देणगीदारांना तोंडावर असं ऐकवल्यावर निधी जमवणाऱ्यांच्या पोटात केवढा गोळा आला असेल! अखेर भाषण अर्धवट थांबवावं लागलं.

अण्णांच्या यादीत राजे नव्हते. शाळामास्तर, वकील, कारकून अशा माणसांकडून पाच-दहा रुपये मिळवायचे. आणि सरकार? या विद्यापीठात मुली मातृभाषेतून शिकणार होत्या. त्याला सरकारची मान्यता नव्हती आणि ती नीट मिळायला पुढे १९५१ साल उजाडलं. म्हणजे तब्बल पस्तीस वर्षं! वर्गणी थांबली, की विद्यापीठ थांबलं, असा सरळ हिशेब होता.

आणि १९२० मध्ये एकदम १५ लाख रुपये!

देणारे होते मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी. जपानला गेले असताना तिथलं स्त्रियांचं विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. परत आल्यावर त्यांनी अण्णांच्या विद्यापीठाला हात द्यायचं ठरवलं.

१५ लाख म्हणजे किती, ते आपण अण्णांच्या विषयातच, गणितात पाहू. समजा, तुम्ही रोज न चुकता पन्नास घरी गेलात आणि प्रत्येक घरानं एक रुपया दिला. (त्या काळी रुपया म्हणजे सोळा आणे, काही थोडीथोडकी रक्कम नव्हे!) तर १५ लाख जमायला ३० हजार दिवस लागतील. म्हणजे ८२ वर्षं! तीही रविवार, दिवाळी, परीक्षा काही न पाळता.

पण थांबा. मोठ्या देणगीबरोबर अटी येतात. विद्यापीठाला सर विठ्ठलदासांच्या आईचं नाव द्यायचं, म्हणून ते झालं 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' विद्यापीठ. तुमच्याआमच्या तोंडी एस.एन.डी.टी. मूळ रक्कम काही हातात आली नाही. साडेतीन टक्क्यांनी तिचं व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये मिळायचे. आणि विद्यापीठाचं मुख्य ठिकाण पुढेमागे मुंबईला न्यायचं.

पुण्यातल्या माणसांना ही शेवटची अट कशी लागली असेल, विचार करा. हिंगण्याच्या चिखलातून ज्यांनी हे सगळं उभं केलं, त्यांच्या हातून ते मुंबईला जाणार! दुसऱ्या बाजूला वर्षाला ५२,५०० रुपये. पन्नास घरांच्या हिशेबानं वर्षभर हिंडलो, तरी जमतील फक्त १८,२५०! पगार द्यायचे असताना नाही कसं म्हणणार? पण हो म्हणताना आपलं काय सुटणार आणि काय हातात राहणार, हेही पाहायला हवं. अटी मान्य झाल्या. मुली मातृभाषेतून शिकत राहिल्या. नाव बदललं, पुढे गावही बदललं. काही वर्षांनी सर विठ्ठलदास वारले. नंतर अटींवरून मतभेद झाले, ते मिटवावे लागले आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठिकाण मुंबईला गेलं. सर विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई पुढे या विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या.

१५ लाख मिळाले म्हणून अण्णा घरी बसले असतील, असं वाटतं का तुम्हाला? छे! १९२९ च्या मार्चमध्ये, सत्तरी उलटलेली असताना, ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, अमेरिका करत जपानला पोचले आणि त्या पुस्तिकेतलं विद्यापीठ अखेर डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन जेमतेम आठ महिने झाले, तोच डिसेंबर १९३० मध्ये आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका... जिथे जिथे आपली माणसं पोटापाण्यासाठी गेली होती, तिथे तिथे जाऊन मुलींच्या विद्यापीठाची माहिती द्यायची आणि वर्गणी मागायची. हे पंधरा महिने चाललं. मुंबईला उतरले तेव्हा वय होतं ७३.

१९३६ मध्ये विद्यापीठ मुंबईला गेलं. अण्णांनी काय करावं? त्यांच्या मनात आलं, मोठ्या गावांतल्या मुलींची सोय झाली, पण ज्या खेड्यांत साधी पहिली-दुसरीची शाळासुद्धा नाही, तिथल्या पोरांचं काय? त्यांनी त्याच वर्षी तशा शाळा काढण्यासाठी एक मंडळ स्थापन केलं. मंडळाला पैसे लागणारच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा पुन्हा वर्गणी मागायला निघाले.