सारोळ्याची आजी आणि बोरिवलीचे गिऱ्हाईक

तुमच्यापैकी कोणाची लेक मुलुंडला दिलेली असेल, कोणाचा पुतण्या अंधेरीला नोकरीला असेल. दिवाळीची सुट्टी संपवून ही मंडळी परत निघाली, की तुम्ही त्यांच्या पिशवीत काय भरता? घरचा मसाला, कुरडया, सांडगे, पापड. महिन्याभराने फोन येतो, "आई, शेजारच्या काकूंना मसाला फार आवडला. आणखी मिळेल का?" तुम्ही "बघू" म्हणता आणि विषय तिथेच संपतो.

खरे म्हणजे धंदा तिथूनच सुरू होतो. घाटकोपरला नाहीतर बोरिवलीला गाळा घेऊन मसाला विकणे आपल्याला झेपणारे नाही. पण त्या शेजारच्या काकूंच्या हातात मोबाईल आहे आणि तुमच्या घरातही तो आहेच. या दोन मोबाईलांच्या मध्ये बिनभाड्याचे दुकान मांडता येते. हे दुकान म्हणजे व्हिडिओ.

हे शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचे काम, असे म्हणू नका. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, सारोळा कासार नावाचे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे या आजी सत्तरीच्या घरात होत्या. इंटरनेट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. नातू यश पाठक याने एकदा पावभाजी मागितली आणि ती कशी करतात याचे व्हिडिओ त्यांना दाखवले. आजी म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करीन. त्यातून 2020 साली यूट्यूबवर 'आपली आजी' हे चॅनेल उभे राहिले. सुरुवातीला आजी कॅमेऱ्यापुढे बुजत. इंग्रजी शब्द अडले, की नातू सांगे आणि त्या शिकून घेत. लाखो लोकांनी त्यांची कारल्याची भाजी पाहिली. पुढे लोक विचारू लागले, आजी, तुमचा मसाला मिळेल का? मग तोही विकला जाऊ लागला.

क्रम ध्यानात घ्या. आजींनी आधी "माझा मसाला घ्या" म्हटले नाही. आधी करून दाखवले आणि गिऱ्हाईक आपण होऊन आले. मधुरा बाचल यांचेही तसेच झाले. त्यांनी 2009 साली अमेरिकेत असताना रेसिपीचे चॅनेल काढले आणि त्यांच्या नावाचे मसाले नंतर बाजारात आले. मुंबईच्या गिऱ्हाईकाला आपला माल हातात घेऊन, वास घेऊन पाहता येत नाही. म्हणून त्याला तुमचे अंगण, उन्हात वाळणारी मिरची, कांडणारा हात दिसला पाहिजे.

"बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही" अशी आपल्याकडे म्हण आहे. तेव्हा बोला, पण मोजके. दाराच्या किंवा खिडकीच्या उजेडात बसा, पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. दोन-तीन मिनिटे पुरेत. गावाचे नाव, मालात काय घातले, वजन, भाव आणि मागवायचे कसे, एवढे सांगा. भाषा घरची असू द्या. उपनगरात राहणाऱ्या गाववाल्याला तीच ऐकायची असते.

जाहिरातीच्या पैशाची वाट पाहत मात्र बसू नका. यूट्यूब त्यातला वाटा देते, पण त्यासाठी साधारणपणे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहणे भरावे लागते. तुम्हाला लाखो लोक नकोत. मुलुंडच्या दोन-चार सोसायट्यांतली पन्नास घरे बांधली गेली, तरी घरचा मसाला सहज संपेल. 2020 च्या टाळेबंदीत कोकणातल्या बागायतदारांनी आंब्याच्या पेट्या थेट मुंबईच्या सोसायट्यांच्या दारात उतरवल्या होत्या. तुमची लेक जिथे राहते, तिथल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर तुमचा व्हिडिओ टाकायला तिला सांगा. सगळ्यांचा माल एकाच पार्सलने तिच्या घरी पाठवला, तर खर्चही वाटला जातो.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर 2020 मध्ये आजींचे चॅनेल कोणीतरी चोरले. महिनोन्‌महिन्यांचे कष्ट एका दिवसात हातचे गेले. नशिबाने काही दिवसांत ते परत मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि केवळ त्यावरच विसंबलेल्या अनेकांचे बस्तान रातोरात उठले.

यावरून दोन गोष्टी शिका. पहिली, चॅनेलची चावी सातबाऱ्यासारखी जपा. पासवर्ड कोणाला सांगू नका. मोबाईलवर आलेल्या संमतीशिवाय खाते उघडणार नाही, अशी दुहेरी कडी घरातल्या मुलांकडून लावून घ्या. "तुमच्या चॅनेलवर जाहिरात देतो, सोबतची फाईल उघडा" असे अनोळखी पत्र आले, तर ती फाईल उघडू नका. अशाच फायलींमधून चॅनेले चोरीला जातात, असे गूगलने 2021 साली सांगितले होते. आणि पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. तो मागणारा माणूस चोर समजा.

दुसरी, गिऱ्हाईकांची नावे आणि फोन नंबर साध्या वहीत लिहून ठेवा. चॅनेल उद्या बंद पडले, तरी वही आपली राहते.

खाण्याची वस्तू विकणार असाल, तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या. पाकिटावर तिचा क्रमांक, वजन, तयार केल्याची तारीख आणि माल किती दिवस टिकेल हे छापा. व्हिडिओत दाखवली तीच मिरची पाकिटात असू द्या. एका काकूंच्या डब्यात शिळा मसाला गेला, तर ज्या व्हॉट्सअॅपवर तुमचे कौतुक झाले त्यावरच संध्याकाळपर्यंत बभ्रा होईल.

यंदा उन्हाळ्यात मिरची वाळत घालाल, तेव्हा घरातल्या मुलाला हाक मारा. त्याच्या हातात मोबाईल असतोच. त्याला म्हणा, "घे रे जरा माझा व्हिडिओ." आणि पुढच्या वेळी मुलुंडहून फोन आला, की "बघू" म्हणू नका. किती किलो हवा, ते विचारा.