गोठलेल्या जमिनीत मुळांना अन्न मिळते कसे?

उत्तर स्वीडनच्या पाइन-स्प्रूसच्या जंगलात पाचोळ्याचा थर उकरला, की खाली काळपट, सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेली माती लागते. तिच्यात नत्राचा साठा मोठा असतो. तरीही तिथली झाडे नत्राअभावी सावकाश वाढतात. नत्रयुक्त खत दिले, की त्यांची वाढ ठळकपणे सुधारते. भरल्या कोठाराला कुलूप असावे, तशी ही स्थिती आहे आणि ते कुलूप थंडीने घातले आहे.

पाचोळ्यातले बहुतेक नत्र प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेले असते. मातीतले जिवाणू आणि बुरश्या त्यांचे तुकडे करतात आणि शेवटी अमोनियम व नायट्रेट तयार होतात. उबदार, ओलसर मातीत हे काम झपाट्याने होते, थंडीत ते रेंगाळते. टुंड्रा प्रदेशात तर उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो. खालची माती बारमाही गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही, चिखलात प्राणवायू पोहोचत नाही आणि कुजणे आणखी मंदावते.

वनस्पती खनिज क्षारांवर पोसल्या जातात, हा सिद्धांत युस्टुस फोन लीबिग यांनी 1840 मध्ये जोरकसपणे मांडला. रासायनिक खतांचे शास्त्र त्यावर उभे राहिले. मुळे नत्र घेतात ते अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात, असेच पुढे शिकवले जाऊ लागले. शेतात ते बऱ्याच अंशी खरेही आहे. टुंड्रात मात्र हिशेब जुळेना. जिवाणू वर्षभरात जेवढे खनिज नत्र मोकळे करत, त्याहून जास्त नत्र झाडे घेत होती.

याचे उत्तर अलास्कात मिळाले. टेरी चॅपिन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवून दिले, की आपल्या लव्हाळ्याच्या कुळातले तिथले कॉटनग्रास प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले थेट शोषते आणि त्यांवर वाढते. 1998 मध्ये स्वीडनच्या टॉर्गनी नॅसहोल्म यांच्या गटाने जंगलातच प्रयोग केला. ग्लायसीन या अमिनो आम्लातला कार्बन आणि नत्र या दोहोंचे जड अणू वापरून त्यांनी रेणूवर खूण केली आणि ते मातीत सोडले. दोन्ही खुणा मुळांत एकत्र सापडल्या, तर रेणू अख्खाच आत गेला असे म्हणता येते. तसेच घडले होते. पाइन आणि स्प्रूसने ग्लायसीनमधून घेतलेल्या नत्रापैकी किमान 42 टक्के, तर बिलबेरीच्या झुडपांनी घेतलेल्यापैकी किमान 91 टक्के अख्ख्या रेणूतून आले होते. जिवाणूंचे काम पुरे होण्याची वाट न पाहता झाडे मधल्याच टप्प्यावर आपला वाटा उचलतात.

यात त्यांना बुरश्यांची मोठी साथ असते. मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी 1885 मध्ये 'मायकोरायझा' हे नाव दिले. बुरशीचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक असल्याने मातीच्या कणाकणांत शिरतात, विकरे सोडून सेंद्रिय द्रव्य फोडतात आणि मिळालेले नत्र व स्फुरद झाडाला पुरवतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. हा मोबदला किती मोठा असतो, हे 2001 मध्ये पीटर हॉगबर्ग यांच्या प्रयोगातून कळले. त्यांनी उत्तर स्वीडनमधल्या पाइनच्या खोडांची गोलाकार साल काढून साखरेची खाली जाणारी वाट तोडली. एक-दोन महिन्यांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे 54 टक्क्यांनी घटला. म्हणजे मातीचा निम्म्याहून अधिक श्वास झाडांनी नुकत्याच बनवलेल्या साखरेवर चालत होता.

इतरही युक्त्या आहेत. कॉटनग्रास दरवर्षी नवी मुळे काढते आणि वितळणाऱ्या थरामागोमाग ती खोल उतरतात. कॉकेशस पर्वतात कोरिडॅलिस कोनोरायझा ही छोटी वनस्पती हिवाळी बर्फाच्या थरातच वरच्या दिशेने मुळे पसरून त्यातले नत्र टिपते. बर्फ वितळला की ती मुळे संपतात. उत्तरेकडच्या जंगलात जमिनीवर पसरलेल्या मॉसच्या पानांवर नीलहरित जिवाणू राहतात आणि हवेतले नत्र स्थिर करतात. भातखाचरांत जैविक खत म्हणून वापरतात ते निळे-हिरवे शेवाळ याच गटातले. स्कँडिनेव्हियात ही भर हेक्टरी वर्षाला अवघी दीड ते दोन किलो असते, पण अशा गरीब जमिनीत तीही मोलाची ठरते.

तापमानवाढीने हे कुलूप ढिले झाले तर काय होईल, हे समजून घेणे आज तातडीचे आहे. उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनींत साठलेला कार्बन वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ 1981 पासून टुंड्राच्या तुकड्यांना नत्र आणि स्फुरद देण्यात आले. बुटक्या बर्चची झुडपे फोफावली आणि जमिनीवरची वाढ दुपटीने झाली. मात्र वीस वर्षांनी एकूण हिशेब केला, तेव्हा दर चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो कार्बन गेलेला होता. पोषण मिळाल्याने मातीतली कुजण्याची क्रियाही वेगावली होती आणि खोलवरच्या मातीने झुडपांनी साठवले त्याहून जास्त गमावले होते.

तापमान वाढेल तसे थंड मातीतले नत्र आपोआप मोकळे होईल आणि उत्तर गोलार्धाच्या टोकाला हिरवाई वाढेल. पण उपग्रहांना दिसणाऱ्या त्या हिरवाईवरून कार्बनचा जमाखर्च मांडता येणार नाही. झाडांनी कमावले किती, याबरोबरच मातीने गमावले किती, हेही मोजावेच लागेल.