शंकेचा व्यापार आणि सुरगाण्याचा पाऊस

नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यात शेती म्हणजे मुख्यतः भात, नागली आणि वरई. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसावर रोपं उगवायची आणि खाचरात पाणी साचलं की आवणी करायची. पाऊस लांबला तर रोपं राबातच जून होतात. कापणीच्या वेळी कोसळला तर उभं भात आडवं पडतं आणि लोंबीतच कोंब फुटतात. नार, पार या नद्या इथल्या डोंगरांतून उतरून गुजरातकडे निघून जातात. धो धो पावसाच्या या तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. पीक घरात आलं की अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

पाऊस बिघडला आहे, हे सांगायला आता केवळ जुन्याजाणत्यांच्या आठवणींवर विसंबायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२० च्या सरकारी अहवालानुसार १९०१ ते २०१८ दरम्यान देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा झोडपून काढणारा. पावसावरच्या भातशेतीला याहून वाईट काय असणार?

मग तापमानवाढ रोखायला पावलं उचलण्यात जगाने इतका उशीर का केला? या उशिरामागे पैसा होता. त्याचे कागद उपलब्ध आहेत, आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवेत.

ठाऊक होतं, तरीही

१९७७ साली जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने एक्सॉन या तेल कंपनीच्या वरिष्ठांना सांगितलं होतं, की तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापणार आहे. पुढे कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तापमानवाढीची भाकितं केली. जेफ्री सुप्रान, स्टेफान रामस्टोर्फ आणि नेओमी ओरेस्केस यांनी ती तपासून २०२३ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला: यांतली ६३ ते ८३ टक्के भाकितं अचूक ठरली. मात्र बाहेर लोकांसमोर हीच कंपनी अनिश्चिततेचा पाढा वाचत राहिली.

१९८९ साली तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ ही आघाडी उभारली. तिच्याच तज्ज्ञांनी १९९५ साली आपल्या सदस्यांना लिहून कळवलं होतं, की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही. ही गोष्ट ‘न्यूयॉर्क टाइम्स’मुळे बाहेर आली ती २००९ साली. आघाडी तर २००२ मध्येच गुंडाळली गेली होती.

१९९७ च्या क्योटो हवामान करारानंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने एक योजना आखली गेली. एप्रिल १९९८ मध्ये तिचा मसुदा वृत्तपत्रांत फुटला. वादात आजवर न दिसलेले शास्त्रज्ञ शोधावेत, त्यांना पत्रकारांशी बोलण्याचं प्रशिक्षण द्यावं आणि सामान्य माणसाच्या मनात अनिश्चितता रुजली म्हणजे आपण जिंकलो असं समजावं, हे त्या कागदाचं सार. सिगारेट कंपन्यांनी हाच मार्ग आधी चोखाळला होता.

दोन बाजूंचा सापळा

हा डाव यशस्वी झाला तो पत्रकारितेच्या एका सद्गुणामुळे. दोन्ही बाजू मांडाव्यात, हे आम्हा पत्रकारांना पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या बंधूंनी चार मोठ्या अमेरिकी दैनिकांतल्या १९८८ ते २००२ या काळातल्या ६३६ बातम्या तपासल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बातम्यांनी ‘माणसामुळे तापमानवाढ’ आणि ‘निसर्गतःच चढउतार’ या दोन्ही मतांना जवळपास सारखं वजन दिलं होतं. शास्त्रज्ञांत असं सारखं वजन नव्हतं.

अमेरिकेतल्या एका खगोलभौतिकी केंद्रातले तत्कालीन संशोधक विली सून हे तापमानवाढीवर शंका घेणाऱ्यांचे लाडके तज्ज्ञ. जीवाश्म इंधन उद्योगाकडून त्यांना दशकभरात १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आणि अनेक शोधनिबंधांत त्यांनी तिचा उल्लेख केला नाही, हे २०१५ मध्ये उघड झालं. पैशामुळे आपले निष्कर्ष बदलले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून घ्यावं. पण पैसा कुणाचा, हे वाचकाला आधी कळायला हवं होतं.

भारतात हे नकारवादी फारसे छापले जात नाहीत. जेम्स पेंटर यांनी २०११ साली सहा देशांच्या वृत्तपत्रांचा अभ्यास केला. शंकेचे सूर मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आढळले, भारतात क्वचितच. याचा आनंद वाटावा, पण निर्धास्त होऊ नये.

शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट

तीच युक्ती मराठी मुलखातही दिसली. १ एप्रिल २०१५ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सचित्र इशाऱ्याने व्यापायचा होता. मार्चमध्ये संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी म्हणाले, की तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. याच समितीत खासदार श्यामाचरण गुप्ता होते आणि त्यांचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता. पत्रकारांनी हा संबंध छापला, देशभर गदारोळ झाला. तरी इशारे लागू व्हायला २०१६ चा एप्रिल उजाडला. शंकेने काय मिळतं, तर वेळ. उद्योगाला तेवढाच हवा असतो.

खरी शंका वेगळी. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००७ च्या अहवालातलं विधान चुकीचं होतं. भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या २००९ च्या टिपणाने हिमनद्यांविषयीच्या टोकाच्या दाव्यांना आव्हान दिलं आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. ही शंका पुरावा मागते आणि मिळाला की थांबते. विकत घेतलेली शंका कधीच थांबत नाही.

आपण काय विचारायचं

मार्च २०१८ मध्ये सुरगाण्यातले शेतकरीही नाशिकहून मुंबईला पायी निघाले. वनजमिनीचा हक्क ही त्यांची मोठी मागणी होती. देशाच्या कॅमेऱ्यांचं पुरतं लक्ष गेलं ते मोर्चा मुंबईच्या वेशीवर आल्यावर, पायांच्या फोडांकडे. अवकाळीची बातमीही अशीच येते: पंचनामा, नुकसानीचा आकडा, मंत्र्यांचा दौरा. आठ दिवसांत ती विरते, आणि हवेत धूर सोडणाऱ्यांचं नाव तिच्यात नसतं.

म्हणून मराठी संपादकांकडे आग्रहाने तीन गोष्टी मागायला हव्यात. हवामानावर बोलणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाच्या नावाखाली त्याच्या संस्थेला पैसा कुठून येतो ते छापा. कोळसा, तेल, सिमेंट कंपन्यांच्या ‘हरित’ जाहिराती आणि पुरवण्या बातमीच्या वेषात छापू नका. आणि अतिवृष्टीच्या बातमीत पंचनाम्याशेजारी शास्त्रज्ञांचे निष्कर्षही द्या. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही, फक्त जाहिरातदाराची नाराजी पत्करावी लागेल.

ज्या पाड्यांनी हवेत सर्वात कमी धूर सोडला, त्यांनीच या उशिराची किंमत भाताच्या आणि पाण्याच्या रूपात मोजली आहे. हा उशीर कुणी विकत घेतला, ते त्यांना सांगणं हे पत्रकारितेचं त्यांच्याप्रति असलेलं देणं आहे.