निर्देशांकाबाहेरचे विष

महर्षी कर्व्यांच्या मुरुडाकडील माणूस मुंबईस स्थायिक झाला, तरी गावच्या हवेचा वास त्याच्या मनातून जात नाही. आंब्याचा मोहोर, सुरंगीचा वळेसर, केवड्याचे बन! रसायनशास्त्राच्या भाषेत हे सुगंध म्हणजे सहज उडून जाणारी सेंद्रिय द्रव्येच होत. पेट्रोलपंपावर नाकात शिरणारी वाफ आणि नव्या रंगाचा दर्प हीही त्याच कुळातली. कुळ एक असले तरी सर्वांचे शील मात्र एक नाही.

या कुळातील कुलकलंक म्हणजे बेंझिन. ते पेट्रोलमध्ये असते, वाहनांच्या धुरातून येते आणि तेलाच्या टाक्यांतून निसटते. दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास ते अस्थिमज्जेवर घाला घालते व त्यातून रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत उरलेले नाही. टोल्युइन, झायलिन यांनी डोके जड होते, भोवळ येते. प्लायवुडच्या सरसातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड तर आपल्या दिवाणखान्यातच वस्तीला असते. शिवाय ही द्रव्ये उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून जमिनीलगत ओझोन निर्माण करतात, तो निराळाच.

हे सारे पुस्तकी वाटत असेल त्यांनी चेंबूरजवळच्या माहुलकडे पाहावे. एका बाजूस तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूस रसायनांच्या टाक्या, आणि मध्ये माणसे! २०१३ साली के. ई. एम. रुग्णालयाने तेथे पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागते असे सांगितले. डोळे चुरचुरण्याची तक्रार ८६.६ टक्क्यांची होती. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील लोकांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले. आणि तरीही तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून त्यांतील कुटुंबांना राहावयास धाडले ते याच माहुलात! पुनर्वसन या शब्दाची याहून क्रूर थट्टा आमच्या पाहण्यात नाही. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या, असे शासनास बजावले. पुढच्याच वर्षी न्यायाधिकरणाने दोन सरकारी तेल कंपन्या व दोन साठवण कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविली. रकमेचा आकडा मोठा खरा. पण तो पाहून कोणाची धाप थांबत नाही.

आता सुशिक्षित वाचक रोज सकाळी जो हवेचा निर्देशांक पाहतो त्याविषयी. त्यात आठ प्रदूषकांचा हिशेब असतो: धूलिकणांचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. बेंझिन त्यात नाही! वस्तुतः २००९ सालच्या राष्ट्रीय मानकांत बेंझिनला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी वार्षिक मर्यादा स्पष्टपणे घातलेली आहे. काही केंद्रांवर ते मोजलेही जाते. परंतु लोकांपुढे जो एक आकडा ठेवला जातो, त्यात त्याला स्थान नाही. निर्देशांक ‘समाधानकारक’ आहे म्हणून खिडकी उघडणाऱ्या माहुलच्या गृहिणीस याची कल्पना कोणी द्यावयाची?

मुंबईचे दुखणे मुंबईकरांपाशी, असे रत्नागिरीकरांनीही म्हणू नये. खेड तालुक्यात लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तेथील दर्पाच्या आणि दाभोळच्या खाडीत मासे मरत असल्याच्या तक्रारी आसपासच्या गावांनी आणि भोई-कोळ्यांनी वारंवार मांडल्या आहेत. ती खाडी दापोली तालुक्याच्या दक्षिण अंगालाच आहे. कारखाने नकोत असे आम्ही म्हणत नाही. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर जगलेल्या जिल्ह्यास ते म्हणणे परवडणारही नाही. पण टाक्यांची झाकणे घट्ट बसविणे, भरताना सुटणारी वाफ परत खेचून घेणे, गळत्या नळ्या शोधून बुजविणे, ही काही अद्भुत विद्या नव्हे. हे काम झाले की नाही, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासावे. आणि माहुल व लोटे या दोन्ही ठिकाणी त्या त्या दिवशीचा बेंझिनचा आकडा, मर्यादेच्या आकड्याशेजारी, मराठीत, रस्त्यावरून जाणाऱ्यास वाचता येईल अशा फलकावर लावावा, अशी आमची मागणी आहे.