पाऊस ‘पडतो’ आणि पाऊस ‘पडता’

‘पाऊस पडतो’ हे विधान झाले. ‘पाऊस पडता तर’ ही नुसती कल्पना. फरक एका स्वराचा. क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा जो हेतू कळतो, त्याला मराठी व्याकरण ‘अर्थ’ म्हणते आणि चार अर्थ मानते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. न घडलेल्या, हव्याशा वा अनिश्चित गोष्टी बोलायच्या तर मुख्यतः शेवटचे दोन कामाला येतात.

शिरूर-दौंडकडे कालव्यावरच्या उसाच्या गप्पा ऐकाव्यात. ‘आवर्तन सुटले तर एक पाणी मिळेल.’ यातले ‘सुटले’ दिसायला भूतकाळी, पण आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, अजून सुटायचे आहे. आशा शिल्लक आहे. ‘आवर्तन सुटले असते तर एक पाणी मिळाले असते’ म्हटले, की आशा संपली. पाणी आले नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रियापद भूतकाळात ढकलायचे आणि वास्तवापासून दूर व्हायचे, ही युक्ती इंग्रजी-फ्रेंचमध्येही आहे. पाणिनीने तर न घडलेल्या क्रियेला ‘क्रियातिपत्ति’ म्हटले आणि तिच्यासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार, म्हणजे क्रियापदाचा रूपवर्ग, सांगितला. वेदांमधला इच्छा-शक्यतेचा लकार लेट् मात्र पुढच्या संस्कृतातून नाहीसा झाला.

अशी खास रूपे ज्या भाषेत नाहीत, तिच्या भाषकांना ‘झाले असते तर’ हा विचारच जड जातो काय? संशोधक अल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये चिनी भाषकांबद्दल तसा दावा केला. टेरी औ यांनी १९८३ मध्ये ‘झाले असते तर’ धर्तीच्या गोष्टी सहज, ओघवत्या चिनीत देऊन पाहिल्या, तेव्हा वाचकांना काही अडले नाही. रूप नसले म्हणून हळहळ थांबत नाही.

विध्यर्थाची कुळकथा अधिक मजेची. त्याचा ‘-आवा’ संस्कृत ‘-तव्य’पासून आला, म्हणजे ‘करावा’ हा ‘कर्तव्य’चाच वंशज. म्हणून ‘शेतकऱ्याने अर्ज करावा’ यात क्रियापद शेतकऱ्याला सोडून अर्जामागे जाते. पण हे रूप कर्तव्यापुरते राहिले नाही. ‘पाऊस पडावा’ ही इच्छा, तर दौंड स्टेशनावरचे ‘एवढ्यात गाडी यावी’ हा अंदाज.

दौंड तालुक्यातच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. ते संपूर्ण रूपात १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. अशा भाषांतरात क्रियापदाची रूपेही निवडावी लागतात. प्राचीन ग्रीकमध्ये अनिश्चिततेचे आणि इच्छेचे रूप वेगवेगळे होते. मराठीत इच्छेसाठी ‘होवो’ही आहे आणि ‘व्हावे’ही. ‘होवो’ प्रार्थनेत आणि आशीर्वादात शोभते. ‘व्हावे’ देवापुढे चालते तसे तहसीलदारापुढेही. तहसील कचेरीतल्या अर्जात ‘सातबाऱ्यावर नोंद करा’ असे सहसा कोणी लिहीत नाही. तिथे ‘नोंद व्हावी, ही विनंती’ असते, आणि नोंद कोणी करायची, हे त्या वाक्यात येतच नाही.