चौकशीच्या खोलीत खेळाडूशेजारी कोण? कुंभकोणममधल्या एका प्रशिक्षकाचा दिवस

पहाटे 5. कावेरीकाठच्या मैदानावर मुली जमू लागतात. घरी आमची तंजावरी मराठी, मैदानावर तमिळ. इथे आठशे मीटर म्हटलं की शेजारच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातली गोमती मारिमुत्तू सगळ्यांना आठवते. 2019 मध्ये दोह्याला तिला आशियाई सुवर्ण मिळालं. पुढे नमुन्यात नॅन्ड्रोलोन हे उत्तेजक सापडलं, पदक गेलं आणि 4 वर्षांची बंदी आली.

सकाळी 7:30. सरावानंतर पिशव्या तपासतो. एकीच्या पिशवीतून लेबल नसलेला पावडरचा डबा निघतो. कुणी दिला, केवढ्याला, हे तारखेसकट वहीत लिहून घेतो. डबा फेकत नाही. पुढेमागे चौकशी झाली तर तोच पुरावा.

दुपारी 12. एकीला खोकला झालाय. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतो : टर्ब्युटालिन. हेच बंदी असलेलं द्रव्य क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात सापडलं होतं. खोकल्याच्या औषधातून अनवधानानं गेलं, हा त्याचा खुलासा बीसीसीआयनं मान्य केला, तरी 8 महिने बंदी झालीच. तिला दुसरं औषध लिहून आणायला डॉक्टरांकडे धाडतो.

संध्याकाळी 5. नमुना देण्याची तालीम. किमान 90 मिलिलिटर लघवी, ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या. बाटली आणि झाकणावरचे क्रमांक स्वतः ताडून पाहायचे, अलीकडे घेतलेली औषधं अर्जात लिहायची, हरकत असेल तर तीही नोंदवायची.

‘सर, अधिकाऱ्यांनी घाई केली तर?’

‘तरी वाचल्याशिवाय सही करायची नाही, अम्मा.’

रात्री 8. बंदीची नोटीस आलेल्या एका धावपटूचा फोन. इंजेक्शन देणाऱ्याचं नाव सांगू का, असं विचारते. मी म्हणतो, सांग. तपासाला भरीव मदत केली तर बंदी बरीच कमी होऊ शकते. पण तिच्याबरोबर सुनावणीला जाणार कोण?

हे काम खरं तर खेळाडूंच्या संघटनेचं. अमेरिकेत बेसबॉलपटूंची बलाढ्य संघटना आहे. बेसबॉलमधल्या उत्तेजकांबद्दलच्या मिचेल चौकशीत तिनं जवळजवळ असहकारच केला. खेळाडूंची गोपनीयता आणि त्यांच्यावर होऊ शकणारे खटले, ही तिची काळजी खरी होती. तरीही 2007 च्या अहवालात 89 नावं आली, आणि बहुतेकांची बाजू त्यात नव्हतीच. 2013 च्या बायोजेनेसिस या दवाखान्याच्या उत्तेजक प्रकरणात संघटनेचे प्रमुख मायकल वायनर यांची भूमिका निराळी होती : पुरावा भक्कम असेल तर तडजोड करा. 12 खेळाडूंनी 50 सामन्यांची बंदी स्वीकारली.

आपल्याकडे क्रिकेटपटूंची संघटना 2019 मध्ये आली, तीही निवृत्तांसाठी. धावपटूंसाठी आयोग आहेत, पण ते महासंघांच्याच घरातले. आपल्याला स्वतंत्र संघटना हवी : निर्दोष मुलीला वकील देणारी, दोषीला खरं बोलायला लावणारी आणि पुरवठादाराचं नाव घेणारीला जपणारी. निवृत्त धावपटूंनो, ही संघटना तुम्हीच उभी करा.